ज्युरी ड्युटीचं समन्स आलंय (सांता क्लारा काउंटी): निवडीच्या दिवशी नेमकं काय काय होतं?

सनीवेल_सातारा

नमस्कार मंडळी,

नागरिकत्वाची शपथ झाल्यावर पहिल्यांदाच कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या सुपीरियर कोर्टाकडून ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळावर बसण्याचं समन्स आलंय. ठिकाण सॅन होजेतलं हॉल ऑफ जस्टिस, म्हणजे बहुधा फौजदारी खटला. त्याच आठवड्यात वडिलांच्या नावानेही समन्स आलं. ते ७२ वर्षांचे आहेत, ग्रीन कार्डावर आहेत.

टाळायचं कसं हे विचारत नाहीये. ‘सगळे आरोपी मला दोषीच वाटतात असं सांग, लगेच सोडतील’ हा सल्ला मिळून झालाय, तो नको. काय घडतं ते समजून घेऊन जायचंय. प्रश्न असे:

१. वडिलांच्या समन्सचं काय करायचं?
२. समन्सच्या तारखेनंतर दोनच आठवड्यांनी पुण्याची तिकिटं काढलेली आहेत. ती कुठे आणि कधी सांगायची?
३. खटला लांबला तर पगाराचं काय?
४. निवडीच्या वेळी विचारतात काय? मामा नाशिकला पोलीस खात्यात होते. भारतातली गोष्ट सांगायची का?
५. उच्चार भारतीय आहेत म्हणून काढून टाकतात का?

कायदेकानू

वडिलांचं आधी घेते, कारण यातली सगळ्यात महाग पडू शकणारी चूक तिथे आहे.

कोर्टाकडे फक्त नागरिकांची अशी वेगळी यादी नसते. कॅलिफोर्नियात नावं घेतात ती मतदारयादीतून, डीएमव्हीकडच्या (इथलं आरटीओ) लायसन्स-ओळखपत्रांच्या यादीतून आणि २०२२ पासून राज्याचा आयकर भरणाऱ्यांच्या यादीतूनही. त्यामुळे ग्रीन कार्डवाले, एच-वन-बीवाले, विद्यार्थी, कोणालाही समन्स येतं. समन्स आलं म्हणजे वडील पात्र ठरले असं नाही. पात्र आहेत का, हे कोर्ट विचारतंय.

पण म्हणून तो कागद टाकून देऊ नका. त्यावर ज्युरर क्रमांक असतो. तो घालून कोर्टाच्या पोर्टलवर जा, किंवा सोबतचा फॉर्म भरून टपालाने पाठवा. अमेरिकेचे नागरिक आहात का, १८ वर्षं पूर्ण आहेत का, याच काउंटीत राहता का, इंग्रजी पुरेसं समजतं का, असे प्रश्न असतात. नागरिकत्वाच्या प्रश्नाला स्पष्ट ‘नाही’. पुरावा मागितला तर ग्रीन कार्डाची प्रत जोडायची. सबमिट झाल्याचं पान छापून घरच्या फाइलमध्ये ठेवा.

एवढं जपून का, तर बहुतेक घरांत हा फॉर्म मुलगा किंवा सून फोनवर भरते. अंगठा खाली सरकत जातो, ‘हो, हो, हो, पुढे’. त्यात नागरिकत्वापुढचा चौकोनही टिचकला जातो, आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ यावर सही होते वडिलांच्या नावाची. पुढे एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज भरताना स्वतःला कधी अमेरिकन नागरिक म्हणवलंय का, हा प्रश्न येतोच. नागरिकत्वाचा खोटा दावा ही इमिग्रेशनमध्ये अतिशय गंभीर बाब आहे, ती ग्रीन कार्डावरही येऊ शकते. म्हणून वडिलांना शेजारी बसवा, प्रत्येक प्रश्न मराठीत सांगा आणि मगच टिचकवा. चुकून भरलं गेलं असेल तर गप्प बसू नका. ज्युरी ऑफिसला त्याच दिवशी लेखी दुरुस्ती पाठवा, प्रत ठेवा आणि इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.

वयाबद्दल: कॅलिफोर्नियात ठरावीक वय झालं म्हणून आपोआप सूट नाही. तब्येतीचं कारण असेल तर ७० आणि त्यापुढच्या व्यक्तीला डॉक्टरचं पत्र जोडावं लागत नाही, इतकंच. वडिलांच्या बाबतीत त्याची गरजच नाही. नागरिक नाहीत हे एक कारण पुरेसं आहे. ‘गुडघे दुखतात’ हे कारण देऊन नागरिकत्वाचा प्रश्न तसाच सोडला, तर पुढच्या खेपेला पुन्हा समन्स येईल.

आता तुमची तिकिटं. प्रत्येक अडचण सांगायची एक वेळ असते, आणि लोकांचं बिनसतं ते इथे. तारीख आधीपासून माहीत असेल तर ती समन्सला उत्तर देतानाच सांगायची. एकदा पुढे ढकलणं पोर्टलवर सहज होतं, साधारण ९० दिवसांच्या आतली तारीख घेता येते. भारतातून परतल्यावर निदान एक आठवडा सोडून तारीख घ्या, जेटलॅगमध्ये साक्षी ऐकणं कठीण जातं. दुसऱ्यांदा ढकलायचं म्हटलं की सबळ कारण लागतं, म्हणून ही पहिली संधी विचार करून वापरा.

काहीच न कळवता न जाणं हा पर्याय समजू नका. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात त्याला पहिल्या वेळी २५० डॉलरपर्यंत, दुसऱ्या वेळी ७५० पर्यंत आणि त्यापुढे १,५०० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे.

याच भीतीचा फायदा घेणारे फोनही येतात: ‘तुम्ही ज्युरी ड्युटी चुकवलीत, वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डाने दंड भरा.’ कोर्ट फोनवर पैसे मागत नाही. फोन ठेवा आणि समन्सवर छापलेल्या नंबरावर स्वतः विचारा. वडिलांनाही हे आजच सांगून ठेवा, असे फोन दुपारी घरी एकट्या असलेल्या माणसाने उचलले की त्रास होतो.

हेडिंग_स्ट्रीट

वरच्या प्रतिसादाला जोडून, त्या दिवसाचं सांगतो.

समन्सवर ज्युरर क्रमांकाशिवाय एक गट क्रमांकही असतो. समन्स आलं म्हणजे सोमवारी सकाळी जायचंच असं नाही. आदल्या संध्याकाळी, साधारण ५ नंतर, वेबसाइटवर किंवा फोनवर आपल्या गटाला बोलावलंय का ते पाहायचं. बोलावलं नसेल तर पुढे कधी पाहायचं ते तिथेच सांगतात. या राज्यात पद्धत आहे ‘एक दिवस किंवा एक खटला’. गेलात आणि त्या दिवसात कुठल्या खटल्याच्या निवडीत सापडला नाहीत, तर ड्युटी पूर्ण झाली, आणि किमान वर्षभर पुन्हा बोलावणं नाही.

जाताना समन्सचा कागद, फोटो ओळखपत्र, पुस्तक, पाण्याची बाटली आणि एक स्वेटर. कोर्टरूम थंड असतात. दारात विमानतळासारखी तपासणी असते. पर्समधली नेलकटरची सुरी, कात्री, विणकामाच्या सुया घरी ठेवा. पार्किंग आणि तपासणीची रांग धरून दिलेल्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा. जेवणाची सुट्टी बहुधा दीड तासाची, १२ ते दीड. शाकाहारी असाल तर डबा बरा. लांब जेवायला जाऊन पुन्हा तपासणीच्या रांगेत अडकणारे दर वेळी असतात, आणि तोवर आत जज आणि दोन्हीकडचे वकील ताटकळतात.

आत गेल्यावर ज्युरी असेंब्ली रूम. हजेरी होते, एक माहितीपट दाखवतात आणि मग वाट पाहणं. हे वाट पाहणं वाया जातंय असं वाटतं, पण बाहेर ज्युरी बसलेली आहे हे कळल्यावर बरेच खटले त्याच सकाळी तडजोडीने मिटतात.

नाव पुकारलं की ४०, ५०, मोठ्या खटल्याला त्याहून जास्त लोकांचा गट कोर्टरूममध्ये नेतात. पुकारा सुरू असताना बाहेर फोनवर राहू नका. शपथ होते ती खरी उत्तरं देण्याची. जज आरोप वाचून दाखवतात आणि खटला अंदाजे किती दिवस चालेल ते सांगतात.

आणि मग येतो अडचणींचा टप्पा, ज्याला इथे हार्डशिप म्हणतात. एक छोटा फॉर्म देतात किंवा एकेकाला विचारतात. कॅलिफोर्नियाच्या नियमात यासाठी ठरलेली कारणं आहेत: येण्याजाण्याचं साधन नसणं किंवा दीड तासाहून जास्त प्रवास, आर्थिक ओझं सोसण्यापलीकडचं असणं, शारीरिक-मानसिक आजार, ज्याची प्रत्यक्ष काळजी स्वतः घ्यावी लागते आणि पर्यायी माणूस नाही असं आजारी किंवा वृद्ध माणूस वा मूल घरात असणं. स्तनपान देणाऱ्या आईला वर्षभरापर्यंत तारीख पुढे ढकलून मिळते, ते मात्र आधीच कळवायचं, इथे येऊन नाही.

‘ऑफिसात खूप काम आहे’, ‘माझ्याशिवाय रिलीज अडेल’ ही या यादीतली कारणं नाहीत. जजसमोर ती सांगून उपयोग होत नाही. आणि कारण असेल तर आकड्यात सांगा. ‘पैशाची अडचण आहे’ यावर जजला काही ठरवता येत नाही. ‘तासाच्या मजुरीवर काम, मालक ज्युरीचे पैसे देत नाही, घरभाडं २,८०० डॉलर, घरात कमावणारी मी एकटी, खटला तीन आठवड्यांचा’ यावर एका मिनिटात निर्णय होतो.

तिकिटं काढलेली असतील आणि तारीख ढकलायची राहून गेली असेल, तर सांगण्याची शेवटची जागा ही. तिकिटाची छापील प्रत हातात असू द्या. हा टप्पा उलटल्यावर, पार तिसऱ्या दिवशी, ‘माझं विमान आहे’ म्हणणाऱ्यामुळे सगळ्यांचे दोन दिवस वाया जातात.

पगारपत्रक

पगाराचं सांगते. सनीवेल_सातारा, बे एरियातल्या बऱ्याच कंपन्या ज्युरीसाठी ठरावीक दिवस पूर्ण पगार देतात, पण ते कंपनीचं धोरण असतं. राज्याच्या कायद्याने खाजगी मालकावर ज्युरीच्या दिवसांचा पगार देण्याची सक्ती नाही. सक्ती आहे ती ही की, वाजवी आगाऊ सूचना दिलेली असेल तर ज्युरीला गेल्याबद्दल कामावरून काढता येत नाही की त्रास देता येत नाही. म्हणून समन्स आलं त्याच दिवशी मॅनेजर आणि एचआर दोघांना ईमेल, समन्सच्या फोटोसकट. तोंडी सांगितलेलं मोजू नका.

तुम्ही पगारी, ओव्हरटाइम न मिळणाऱ्या गटात असाल तर केंद्राच्या वेतन नियमांप्रमाणे एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: ज्या आठवड्यात तुम्ही थोडंही काम केलंत, त्या आठवड्यातल्या ज्युरीच्या दिवसांचा पगार कापता येत नाही. कोर्टाकडून मिळालेली फी तेवढी वळती करता येते. पूर्ण आठवडा काहीच काम केलं नाही तर हे संरक्षण लागू नाही. एचआरला विचारायचे प्रश्न दोनच: किती दिवसांपर्यंत पगार देता, आणि ते कामाचे दिवस की कॅलेंडरचे? हे उत्तर हार्डशिपच्या टप्प्यावर तोंडपाठ लागतं, कारण जज तेच विचारतात.

कोर्टाची फी कॅलिफोर्नियात दुसऱ्या दिवसापासून दिवसाला १५ डॉलर, आणि प्रवासाचे मैलाला ३४ सेंट. पहिल्या दिवसाचं काही नाही. फी करपात्र उत्पन्न आहे. मालकाने पगार देऊन ती परत घेतली असेल, तर रिटर्नमध्ये तेवढी वजावट मिळते. बाहेर पडताना क्लार्ककडून हजेरीचं प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका, नंतर मागवायला वेळ जातो.

कायदेकानू

आता प्रश्न ४ आणि ५, म्हणजे खरी निवड. इथले वकील तिला ‘व्वार डीर’ म्हणतात.

कॅलिफोर्नियात बऱ्याच कोर्टरूममध्ये ‘सिक्स-पॅक’ पद्धत असते. क्लार्क चिठ्ठ्यांसारखी नावं किंवा क्रमांक काढतो आणि १८ जण बसवले जातात: १२ ज्युरीच्या कठड्यात, ६ त्यांच्यापुढे खुर्च्यांवर. बाकीचे मागच्या बाकांवर. हातात एक लॅमिनेट केलेला कागद येतो, त्यावर ठरलेले प्रश्न असतात: कुठल्या भागात राहता, काम काय, घरात कोण कोण मोठं आहे आणि ते काय करतात, आधी ज्युरीवर होतात का. शेवटच्या प्रश्नात एक बारकावा आहे. खटला दिवाणी होता की फौजदारी आणि निकाल लागला की नाही एवढंच विचारतात. निकाल काय लागला ते सांगायचं नाही.

मागच्या बाकावर बसलेल्यांनी पेंगू नये. पुढच्या १८ जणांना विचारलेला प्रत्येक प्रश्न मनात स्वतःलाही विचारत राहा आणि कागदावर खुणा करा. चौथ्या खुर्चीतला माणूस गेला की तेराव्या खुर्चीतला त्याच्या जागी सरकतो. पुढच्या सहा खुर्च्या रिकाम्या झाल्या की मागून नवे सहा येतात, आणि पहिला प्रश्न असतो: ‘आतापर्यंत जे विचारलं गेलं त्यातल्या कशाकशाला तुमचं उत्तर हो आहे?’ तेव्हा गडबड होते.

आधी जज विचारतात, मग सरकारी वकील आणि बचावाचे वकील, त्यांना मिनिटं ठरवून दिलेली असतात. नेहमी येणारे मुद्दे: पोलिसाची साक्ष केवळ पोलीस म्हणून जास्त खरी मानाल का, किंवा कमी? आरोपी स्वतः साक्षीला उभा राहिलाच नाही तर त्याच्याविरुद्ध धराल का? एकाच साक्षीदारावर विश्वास बसला तर तेवढ्यावर निकाल देऊ शकाल का? तुम्ही किंवा जवळचं कोणी गुन्ह्याला बळी पडलंय का, कोणाला अटक झालीय का? पोलीस, वकील, न्यायखातं यांत जवळचं कोणी आहे का?

तुमचे मामा इथे येतात. प्रश्नात देश नसतो, म्हणून सांगायचं. ‘मामा भारतात पोलीस अधिकारी होते, आता निवृत्त आहेत.’ एवढं एक वाक्य पुरे. मग वकील विचारेल, त्यामुळे पोलिसांकडे पाहण्याचा तुमचा दृष्टिकोन बदलतो का? तिथे जे खरं असेल ते. ‘त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टींमुळे मी पोलिसांवर पटकन विश्वास ठेवतो’ हेही उत्तर आहे आणि ‘नाही, साक्ष ऐकून ठरवेन’ हेही. ‘भारतातलं काय सांगायचं’ म्हणून गाळलं आणि खटल्याच्या मध्यावर बाहेर आलं, तर अडचण तुमचीही होते आणि खटल्याचीही. शपथेवर विचारलेलं असतं.

आपल्याकडच्या इंजिनिअर मंडळींची दोन ठिकाणी अडचण होते. एक, फौजदारीत दोषी ठरवायची जी कसोटी, ‘वाजवी शंकेपलीकडे’, तिचे टक्के विचारणं. आकडा नाही आणि जज देणारही नाहीत. सगळा पुरावा तोलल्यावर आरोप खरा आहे अशी टिकून राहणारी खात्री, असं ते समजावतात. दिवाणीत मात्र पारडं थोडं जरी एका बाजूला झुकलं तरी पुरतं. दुसरं, ‘डीएनए, व्हिडिओ असल्याशिवाय मी मानणार नाही’ हे मत. तसं खरोखर वाटत असेल तर सांगा, ते ऐकण्यासाठीच प्रश्न आहे. पण कायद्यात परिस्थितीजन्य पुरावा हलका मानलेला नाही, आणि तो मान्य करता येईल का हे स्वतःला आधी विचारून जा.

काही गोष्टी सगळ्यांसमोर बोलण्यासारख्या नसतात: घरातला मारझोडीचा अनुभव, लैंगिक अत्याचार, कोणाचं तुरुंगात असणं. ‘हे मला खाजगीत सांगायचंय’ एवढंच म्हणा. जज आणि वकील बाजूला घेऊन ऐकतात. यात संकोच बाळगू नका, ही सोय त्यासाठीच आहे. आणि तसल्याच गुन्ह्याचा खटला असेल, तर न बोलता आत बसून राहण्याने सर्वांत जास्त त्रास बोलू न शकलेल्या माणसालाच होतो.

काढण्याचे प्रकार दोन. कारण दाखवून काढणं, म्हणजे हा माणूस निष्पक्ष राहू शकत नाही असं जजना पटवून देणं. याला संख्येची मर्यादा नाही. दुसरं कारण न सांगता काढणं. जन्मठेप किंवा मृत्युदंड होऊ शकतो अशा खटल्यात दोन्ही बाजूंना २०-२०, इतर गंभीर फौजदारी खटल्यांत १०-१०. ते होतं एका ओळीत: ‘न्यायालयाने ज्युरर क्रमांक ७ यांचे आभार मानून त्यांना मोकळं करावं.’ उठायचं आणि निघायचं. तुम्ही काही चुकीचं बोललात असा त्याचा अर्थ नाही. दोन्ही बाजू लागोपाठ ‘आम्हाला ही ज्युरी मान्य आहे’ म्हणाल्या की १२ जण पक्के, शपथ, आणि मग दोन-चार राखीव ज्युरर निवडतात.

उच्चारांबद्दल. कारण न सांगता काढायची मुभाही मोकाट नाही. वंशावरून काढता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये बॅटसन खटल्यात सांगितलं. कॅलिफोर्निया त्यापुढे गेलं: १ जानेवारी २०२२ पासून फौजदारी खटल्यांत राष्ट्रीय मूळ, वंश, धर्म यांवरून काढण्याला हरकत घेतली की वकिलाला कारण द्यावं लागतं, आणि ‘इंग्रजी मातृभाषा नाही’ हे कारण कायदा मुळातच अग्राह्य धरतो. पेहरावाचंही तसंच. इंग्रजी पुरेसं न समजणं ही वेगळी गोष्ट, ती अपात्रता आहे. पण ऑफिसच्या मीटिंगा इंग्रजीत चालवणाऱ्याने ‘इंग्रजी येत नाही’ म्हटलं तर जज चार प्रश्न विचारून पाहतात, आणि व्यवसाय तर त्या लॅमिनेट केलेल्या कागदावरून आधीच सांगून झालेला असतो.

ओक_ट्री_रोड

न्यू जर्सीवाले हा धागा वाचत असतील म्हणून थोडं. एडिसनमधल्या घरांतही हेच प्रश्न असतात, पण आकडे वेगळे आहेत. फी पहिले तीन दिवस रोज ५ डॉलर, चौथ्या दिवसापासून ४०. गेल्या तीन वर्षांत ज्युरीवर काम केलं असेल किंवा वय ७५ किंवा त्याहून जास्त असेल तर सूट मागता येते. दिवाणी खटल्याला बहुधा ६ ज्युरर असतात आणि त्यातल्या ५ जणांचं एकमत पुरतं. फौजदारीत १२ आणि सगळ्यांचं एकमत.

समन्स राज्याच्या कोर्टाचं आहे की फेडरल कोर्टाचं, हे आधी डोक्यावरच्या ओळीत वाचा. पाकिटं सारखीच दिसतात. फेडरल कोर्टात दिवसाला ५० डॉलर पहिल्या दिवसापासून, आणि गैरहजेरीला १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा तीन दिवसांपर्यंत कैद. कोर्ट दूरच्या शहरात असू शकतं. आणि ‘ग्रँड ज्युरी’ लिहिलं असेल तर ते काम वेगळं. तिथे आरोप ठेवायला पुरेसा आधार आहे का एवढं ठरवतात. फेडरल ग्रँड ज्युरीत १६ ते २३ माणसं असतात, मुदत १८ महिन्यांपर्यंत जाते, रोज जायचं नसतं पण ठरल्या दिवशी जावंच लागतं. अशा समन्सला तिकिटांचा आणि घरच्या जबाबदाऱ्यांचा विचार फॉर्म भरतानाच करा.

जुनी_कात्रणं

एकमताचा विषय निघालाय तर आपल्याकडचं सांगायला हवं, कारण घरातल्या मोठ्यांच्या मनात ज्युरी म्हणजे नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला असतो आणि त्यावरून इथल्या ज्युरीबद्दल चुकीचं चित्र तयार होतं.

मुंबईत ज्युरी नऊ जणांची असे आणि बहुमत चालत असे. १९०८ मध्ये टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीने ७ विरुद्ध २ मतांनी दोषी ठरवलं. दोषी म्हणणारे ते सात युरोपियन होते. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले. ज्युरी कोणातून निवडली जाते याला किती महत्त्व आहे, हे त्या आकड्यात दिसतं. एकमताची अट असती तर उरलेल्या दोघांचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागलं असतं. इथे अमेरिकेत सगळ्या राज्यांत गंभीर फौजदारी खटल्याला एकमत सक्तीचं झालं ते २०२० च्या रामोस खटल्यापासून, त्याआधी लुइझियाना आणि ओरेगनमध्ये १०-२ चालायचं.

नानावटी खटल्यात १९५९ साली ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष म्हटलं. सेशन्स जजना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. ही वाट अमेरिकेत नाही. ज्युरीने फौजदारी खटल्यात एकदा निर्दोष म्हटलं की संपलं, जजना तो निकाल फिरवता येत नाही. म्हणून निवडीला इथे दोन-तीन दिवस घालवतात, कधी आठवडाही. भारतात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्युरी पूर्णपणे गेली. त्यामुळे आपल्याकडून इथे आलेल्या कुणाच्याही पाठीशी याची सवय नाही, आणि समजून घेऊन जायचं म्हणणाऱ्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं.

सनीवेल_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांचा फॉर्म आज त्यांना शेजारी बसवून भरला, नागरिकत्वापुढे ‘नाही’. माझी तारीख पुण्याहून परतल्यानंतरची घेतली. दोन शंका राहिल्या. निवड झाली तर घरी काय सांगायचं? बायकोशी मराठीत बोललं तर चालतं का? आणि साक्षीदार हिंदी किंवा मराठी बोलणारा निघाला तर?

हेडिंग_स्ट्रीट

घरी सांगायचं ते इतकंच: फौजदारी खटल्याच्या ज्युरीवर आहे, रोज साधारण अमुक वेळेला सुटतो, अमुक तारखेपर्यंत चालेल. बंदी भाषेवर नाही, विषयावर आहे, म्हणून मराठीतही नाही. फॅमिली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही नाही. आरोपीचं नाव, रस्ता, कायद्याचा शब्द, काही गुगल करायचं नाही, एआयला विचारायचं नाही, घटनास्थळावरून मुद्दाम गाडी न्यायची नाही. निकाल लागून जजनी मोकळं केलं की मग बोलायला हरकत नाही. शब्द कळला नाही तर ज्युरीच्या खोलीतून चिठ्ठी पाठवून जजना विचारता येतं, ती सोय वापरा.

साक्षीदाराचा प्रश्न फार चांगला काढलात, कारण यात आपली माणसं नकळत चुकतात. दुभाषा असेल तर कोर्टात पुरावा ठरतं ते दुभाष्याचं इंग्रजी. तुम्हाला मूळ वाक्य कळलं तरी तुम्ही इंग्रजी भाषांतरच धरायचं, अशी सूचना कॅलिफोर्नियाचे जज देतात. समजा साक्षीदार म्हणाला ‘त्याने मला ढकललं’ आणि इंग्रजीत आलं ‘मारलं’. फरक मोठा आहे. पण ज्युरीच्या खोलीत जाऊन बाकी अकरा जणांना ‘खरं तर तो असं म्हणाला’ हे सांगायचं नाही. तसं केलंत तर तुम्ही स्वतःच साक्षीदार झालात, आणि तुमची उलटतपासणी कोणी घेतलेली नसते. भाषांतर चुकलंय असं वाटलं की त्याच वेळी कागदावर लिहून बेलिफ (कोर्टरूममधला सुरक्षा अधिकारी) किंवा क्लार्ककडे द्यायचं. जज वकिलांसमोर ते तपासून घेतात. आणि हिंदी, मराठी कळतं हे निवडीच्या वेळी विचारलं तर तेव्हाच सांगून टाका.